नव्याचे जुने

शेजाऱ्यांच्या घरी नवे लाकडी कपाट आले, त्याच आठवड्यात मी आमच्या माडीवर बसून नवे लाकूड जुने करीत होतो. कपाट पाहायला गल्लीतली सगळी मंडळी गेली, तसा मीही गेलो. कपाटाला हात लावला, तो पॉलिशवरून घसरला. यजमान अभिमानाने म्हणाले, "दहा वर्षं असंच राहील बघा." मी "वा!" म्हटले खरे, पण मनात आले, हे कपाट पंधरा दिवस माझ्या ताब्यात द्या, त्याला पन्नास वर्षांचे करून परत देतो.

माणसाला साठीनंतर कसली हौस जडेल याचा काही नेम नसतो. कुणी गीतेच्या वर्गाला जाऊ लागतो, कुणी पहाटे उठून सिद्धेश्वराच्या तळ्याकडे फिरायला निघतो. मी लाकूडतोड्यांच्या झोपड्या बांधतो. बांधतो म्हणजे तळहातावर मावतील एवढ्या. आणि बांधून झाल्या की त्या जुन्या करतो. शुक्रवार पेठेत या गोष्टीचा बोभाटा व्हायला दोन दिवसही लागले नाहीत.

याला कारण माझा पुतण्या. तो अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. दोन वर्षांपूर्वी आला, तेव्हा माझ्यासाठी एक खोके घेऊन आला. मला वाटले बदाम असतील. खोके उघडले तर आत काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या लाकडाच्या पट्ट्या, चिमुकली दारे-खिडक्या आणि एक पुस्तिका. "काका, छत्तीस वर्षं बँकेत आकडे लिहिलेत, आता हातांना काही वेगळं काम द्या," असे म्हणून तो आपला मित्रांना भेटायला निघून गेला.

पुस्तिका वाचली, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेच्या वायव्य भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठी जंगलतोड चाले. तोड पुढे सरकली की मजुरांची वस्तीही पुढे सरके. म्हणून त्या झोपड्यांना पाया नसे. बुडाशी दोन जाडजूड ओंडके असत. झोपडी तशीच ओढत न्यायची, आगगाडीच्या उघड्या डब्यावर चढवायची आणि पुढच्या मुक्कामाला उतरवायची. त्या वेड्यावाकड्या रुळांवर साधे इंजिन चालेना, म्हणून एफ्रेम शे नावाच्या एका लाकूडवाल्याने दातेरी चाकांनी फिरणारे इंजिन काढले आणि १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. ती जंगले गेली, त्या वस्त्याही गेल्या; पण तिकडचे हौशी लोक अजून त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. म्हणजे एका फुटाला पाव इंच. बारा फुटांची भिंत तीन इंचांची आणि साडेपाच फुटांचा गडी दीड इंचाहूनही बुटका.

हिशेब सोपा होता. आठ दिवसांत झोपडी उभी राहिली. ती मी मोठ्या ऐटीत चहाच्या वेळी बैठकीत आणून ठेवली. सगळ्यांनी कौतुक केले. मग मी पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण उघडले. त्यात लिहिले होते की, झोपडी बांधून झाली म्हणजे निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे ती जुनी करण्याचे.

"नवी वस्तू जुनी करायला पुस्तक कशाला हवं?" ही म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात ठेवा चार महिने. फोडणी आपोआप शिकवील तिला."

मी तिच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. काळा रंग पाण्यात कालवला आणि ब्रशाने सगळ्या झोपडीवर सारखा फिरवला. वाळल्यावर पाहतो, तो झोपडी जुनी दिसेना. जळालेली दिसू लागली. आमची नात इयत्ता चौथीत आहे. तिने झोपडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "आजोबा, यातली माणसं वाचली का?"

पूर्व भागात माझे एक जुने स्नेही राहतात. त्यांचे घराणे मूळचे तेलंगणातले. सोलापूरच्या मागांच्या ओढीने इकडे आलेले. त्यांचा सगळा जन्म रंगाईखान्यात गेला. त्यांच्या पुढ्यात ती जळकी झोपडी ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, नखाने खरवडली आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही वरून रंग फासला. जुनेपणा फासायचा नसतो. लाकडातनं वर काढायचा असतो."

मग त्यांनी त्यांच्या आजोबांच्या वेळची कृती सांगितली. एका मडक्यात गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून ते पंधरा दिवस मुरत ठेवायचे. दुसरीकडे हिरडा कुटून पाण्यात भिजवायचा. कापडाला आधी हिरड्याचे पाणी द्यायचे, मग त्यावर हे लोखंडाचे पाणी. काळा रंग चढतो आणि धुतला तरी जात नाही. हिरड्यात टॅनिन असते, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळिमा येतो. पूर्वीच्या काळी शाईही याच रीतीने होत असे. कापडावर जे होते ते लाकडावरही होते. लोखंडाचे पाणी जास्त पातळ केले, की काळ्याऐवजी करडी छटा येते. हिरडा नसेल तेव्हा कोऱ्या चहावरही काम भागते. गूळ-खिळ्यांचे ते मडके मी माडीवर ठेवले. आठव्या दिवशी त्याला असा वास सुटला की हिने मला आणि मडक्याला मिळून गच्चीवर जागा दिली.

कृती मिळाली, पण लावायची कुठे आणि किती, हे कळेना. तेव्हा मी खरी जुनी लाकडे पाहायला निघालो. ती पाहायला लांब जावे लागत नाही. आमच्या पेठेत आणि मधल्या मारुतीपर्यंतच्या गल्ल्यांत अजून काही जुनी घरे तग धरून आहेत. रोज संध्याकाळी मी एकेका दारापुढे उभा राही आणि ते निरखून पाही. तिसऱ्या दिवशी एका घरातल्या आजीबाईंनी जिन्यातून ओरडून विचारले, "बिल्डरकडून आलात का?" मी नाही म्हटले. "मग बघताय काय?" काय बघतोय ते मला सांगता येईना. "दार," एवढेच म्हणालो. आजीबाईंनी ते लगेच लावून घेतले.

पण त्या पंधरा दिवसांत मी जे शिकलो, ते मला पुस्तिकेने शिकवले नसते. लाकूड सगळीकडे सारखे म्हातारे होत नाही. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे एक द्रव्य असते. ऊन ते फोडते, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे रुपेरी करडे तंतू उरतात. म्हणून उन्हापावसातली फळी करडी होते, आणि वळचणीखालची त्याच दाराची फळी तपकिरीच राहते. खाली जमिनीलगत पावसाचे शिंतोडे उडून चिखलाची कड बसते. खिळ्याच्या डोक्याखाली काळा ओघळ असतो, कारण तिथे गंज आणि लाकूड यांची माझ्या मडक्यातलीच भेट रोज होत असते. कडी जिथे आपटते तिथे अर्धवर्तुळ कोरले जाते. उंबरठा मधोमध झिजतो. आणि जिथे माणसाचा हात रोज लागतो, तिथे लाकूड काळे पडते, पण चकाकतेही.

थोडक्यात, प्रत्येक डागाला काही कारण असते. ऊन कुठून येते, पाणी कुठे पडते, आत कोण राहते, ते दार कसे उघडते, हे ठाऊक असल्याखेरीज डाग कुठे द्यायचा ते ठरवता येत नाही. आणि इथेच माझी पंचाईत झाली. अमेरिकेतल्या त्या झोपडीत कोण राहत होते, हे मला कुठे ठाऊक होते? मी तिथे अंदाजाने डाग देत होतो. कोणत्याही बाजूला दिले असते तरी चालले असते, म्हणूनच ते खरे वाटत नव्हते.

एका रात्री झोप येईना. मनात आले, लाकूडतोडीच्या मुक्कामाचे एक खोपट माझ्या ओळखीचे असायला हवे होते. ते नाही, याचा दोष माझा आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. सोलापुरात सागवान पिकत नाही. आमचा मुलूख बाभळीचा आणि कडुलिंबाचा. नान्नजला माळढोकाचे अभयारण्य झाले, ते तिथे उघडा माळ होता म्हणून. पण इथल्या माळवदांना तुळया लागत, गिरण्यांना फळ्या लागत. ते लाकूड चांद्याकडच्या जंगलातून येई. आपल्या मालकाने घेतलेल्या तोडीवर हिशेब ठेवायला अप्पा तिकडे जात: वाडी, सिकंदराबाद, काझीपेठ करीत बल्लारशा, आणि तिथून लॉरीने आलापल्लीच्या बाजूला. तेव्हा तो चांदा जिल्हा होता. १९८२ पासून तो भाग गडचिरोली जिल्ह्यात आहे.

जंगलाचे वर्षावर्षाचे तुकडे पाडलेले असत. त्यांना कूप म्हणतात. ज्या झाडांवर खात्याच्या हातोड्याची खूण असेल तेवढीच तोडायची. पाडलेल्या ओंडक्यावर पुन्हा हातोड्याची छाप, लाकूड हलवायचे तर परवाना. पाऊस संपला, रस्ते वाळले की तोडीचा हंगाम सुरू होई आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चाले. पाऊस संपून रस्ते वाळण्याची वेळ म्हणजे नेमकी दिवाळीची. त्यामुळे इतरांचे वडील दिवाळीला घरी येत, तेव्हा आमचे घरातून निघालेले असत. माझ्या आठवणीत पहिल्या अंघोळीला अप्पा घरी असल्याची एकही दिवाळी नाही. आम्हांला फटाके मिळत, नवे कपडे मिळत. पण अप्पांना घरापेक्षा ते जंगलच प्रिय आहे, असा माझा बालमनाचा पक्का समज झाला होता. आईला मी तसे म्हणूनही दाखवले होते.

१९६५ सालच्या दिवाळीपूर्वी अप्पांचे कार्ड आले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. "या दिवाळीला तुम्ही दोघे इकडे या. मामांना सोबतीला घ्या. नाल्याला अजून पाणी आहे. हत्ती लाकूड ओढतात ते बाळला दाखवीन." असा मजकूर होता.

मी जाणार नाही म्हणून सांगितले.

कारण आमच्या गल्लीचा किल्ला. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई होऊन गेलेली. त्या वर्षीच्या किल्ल्यावर महाराजांच्या मावळ्यांच्या जोडीला मातीचे जवान आणि काड्यापेट्यांचे रणगाडे होते. गडाच्या उतारावर मी स्वतः मोहरी आणि अहळीव पेरले होते, त्याला कोंब फुटू लागले होते. मी बुरुजांचा मुख्य कारागीर. असे असताना कुठल्या नाल्याचे पाणी आणि कुठले हत्ती! मी जेवणखाण सोडले, रडलो, आणि मला काकूपाशी ठेवून आई मामांबरोबर गेली. वीस-बावीस दिवसांनी परत आली. तिने तिकडचे काय सांगितले ते मला आठवत नाही. बहुधा मी विचारलेच नाही. मी तिला आमच्या किल्ल्यावरचे वाळून पिवळे पडलेले गवत दाखवायला घेऊन गेलो होतो.

अप्पांनी पुन्हा कधी बोलावले नाही. १९७१ साली ते कायमचे घरी आले आणि १९८८ साली गेले. बोलणे त्यांचे मुळातच कमी. मीही माझ्या व्यापात. तिकडची ठेकेदारी पुढे मागे पडली, १९७४ साली वन विकास महामंडळ आले. आलापल्लीजवळ जुन्या जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे; त्याला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कमलापूरला हत्तींचा सरकारी कॅम्प आहे. पूर्वी लाकूड ओढायचे त्याच परंपरेतले ते हत्ती. बल्लारशाचे सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनाला गेले, अयोध्येच्या मंदिराच्या दारांनाही गेले. वर्तमानपत्रात ते वाचून मी आईला सांगितले होते. ती म्हणाली होती, "ह्यांनी मोजलं असतं तर एक इंचाची चूक झाली नसती."

तर त्या रात्री उठून मी माळ्यावरची अप्पांची ट्रंक काढली. आत त्यांची मोजणीची चोपडी होती. पानोपानी ओंडक्यांचे क्रमांक, घेर आणि लांबी. मोजायची रीत अशी: ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे. या हिशेबाने खऱ्या घनफळाच्या शंभरांतले साडेअठ्ठ्याहत्तरच हाती लागतात. उरलेले साडेएकवीस कापताना जाणाऱ्या कडांचे आणि भुशाचे म्हणून सोडून द्यायचे. बँकेतला माणूस असल्यामुळे मला त्या सोडून दिलेल्या साडेएकवीसांचे नवल वाटत राहिले. अप्पांच्या बाबतीत मी तर बराच अधिक भाग सोडून दिला होता.

चोपडीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेला एक आराखडा होता. खोपट, त्यापुढे अंगण, एका बाजूला ओंडक्यांच्या राशी, मागे नाला. खोपटावर लिहिले होते: १२ बाय १०. पाव इंचाच्या हिशेबाने तीन इंच बाय अडीच.

मग मी अमेरिका सोडून दिली.

आमच्या माळवदाची एक तुळई काही वर्षांपूर्वी बदलली होती. तिचा एक तुकडा जिन्याखाली पडून होता. वरून काळा ठिक्कर. सुताराकडून तो चिरून घेतला, तेव्हा आतून सोन्यासारखे पिवळे लाकूड निघाले आणि सागाचा तो कमावलेल्या कातड्यासारखा वास दुकानभर पसरला. सुतार म्हणाला, "आत अजून नवाच हाय की." त्याच्या पातळ पट्ट्या करून खांब, चौकट आणि आढे केले. एका मोडक्या सुपाच्या विणीचे तट्टे झाले. छपराला खराट्याच्या काड्या आणि त्यावर वाळलेला पाला. कडुलिंबाच्या डहाळ्यांचे ओंडके करून त्यांच्या राशी रचल्या. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर टाचणीच्या डोक्याने हातोड्याची छाप उठवली. दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीसाठी, एक गडी वर आणि एक खाली असा माचाही केला. बांबूला वाळवीने खाल्लेले दाखवले, सागाच्या खांबांना नाही. कारण सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. मग हिरडा, मग लोखंडाचे पाणी. पश्चिमेच्या बाजूला अधिक, वळचणीखाली कमी. जमिनीलगत चिखलाची कड. दाराच्या उजव्या चौकटीवर, हात टेकतो तिथे, काळी चकाकी.

यंदा दिवाळीला अंगणात किल्ल्याऐवजी हा मुक्काम मांडायचा, असे नातीने आणि मी ठरवले. मांडण्यापूर्वी एकदा आईला दाखवावा म्हणून तो परातीत ठेवून खाली आणला.

आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तिला जवळचे नीट दिसते. परात मी तिच्यापुढे पाटावर ठेवली. काय आहे ते सांगितले नाही. तिने चष्मा पुसला, वाकली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटले, तिला उमगलेले दिसत नाही.

मग ती म्हणाली, "चूल आत नव्हती रे."

"म्हणजे?"

"लाकडाच्या राशी जवळ. आग लागली तर? चूल बाहेर, या बाजूला. वर पत्रा टाकला होता ह्यांनी. आणि अंगण एवढं घाण नव्हतं. सकाळी उठून स्वतः झाडायचे. घरी कधी हातात झाडू धरला नाही. तिथं मात्र रोज."

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आई बोलत होती. साठ वर्षांत तिने सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते, ते सगळे ती त्या परातीकडे बघत सांगत होती. कंदील या आढ्याला, म्हणून वर काजळीचा गोल. रॉकेलच्या डब्यात तुळस. रात्री नाल्यावर कसलेतरी आवाज, मग अप्पा मोठमोठ्याने पाढे म्हणत. "मला भीती वाटू नये म्हणून की त्यांना, ते देवाला ठाऊक."

"आणि हा डाग चुकलाय," तिने दाराला बोट लावले. "दार बुटकं होतं. वाकून शिरताना हात टेकवायचे, तो डावा. अप्पा डावखुरे नव्हते का?"

अप्पा डावखुरे होते. शाळेत छड्या खाऊन लिहिणे तेवढे उजव्या हाताने शिकले होते. बाकी सगळे डाव्याने. मला ते ठाऊक होते. रोज डोळ्यांपुढे पाहिले होते. आणि दार करताना मी दुसऱ्याच कुणाचा तरी हात तिथे टेकवून मोकळा झालो होतो.

"छप्पर निघतं का?" आईने विचारले. मी ते अलगद उचलले. आत मी अप्पांची बाज, पेटी आणि भिंतीला कपड्यांची एक खुंटी केली होती.

आई म्हणाली, "दोन होत्या."

"तुझे कपडे टांगायला?"

"नाही रे, माझं दोरीवर असायचं. दुसरी इथं, खाली." तिने करंगळीच्या नखाने तट्ट्याच्या निम्म्याखाली एक जागा दाखवली. "तुझ्या हाताला येईल अशी. तू येणार म्हणून आधीच ठोकून ठेवली होती. सागाचीच, तासून गुळगुळीत केलेली. म्हणाले, त्याला सदरा स्वतः टांगू दे."

मी काही बोललो नाही. आईच पुढे म्हणाली, "तुला सांगून काय करायचं होतं? तू एवढासा. तुझा किल्ला होता."

त्या रात्री मी माडीवर बसून चुका दुरुस्त केल्या. चूल बाहेर काढली. अंगण झाडले. उजव्या चौकटीवरची चकाकी काचकागदाने घासून काढली आणि डाव्या चौकटीवर, वाकलेल्या माणसाचा हात जिथे पोहोचेल तिथे, ती तळहाताच्या घामाने आणि तेलाच्या बोटाने चढवली. आढ्यावर मेणबत्तीची काजळी धरली. मग तुळईतल्या पिवळ्या लाकडाचा एक कण घेतला आणि त्याची खुंटी तासली. नऊ वर्षांच्या मुलाची उंची सव्वाचार फूट धरली, तर त्याचा हात सहज पोहोचेल अशी जागा तीन इंचांच्या त्या खोपटात जमिनीपासून एक इंचावर येते. ती खुंटी चिमट्याने तिथे बसवली.

सकाळी नात माडीवर आली. तिने छप्पर उचलून आत पाहिले. सवयीने हिरड्याच्या वाटीत ब्रश बुडवला आणि म्हणाली, "आजोबा, ही एक राहिलीय. पिवळीच आहे अजून."

"राहू दे ती."

"पण बाकी सगळं जुनं झालंय."

"ती जुनी झालीच नाही," मी म्हणालो. "तिच्यावर कुणी काही टांगलंच नाही."

तिने माझ्याकडे पाहिले, ब्रश परत ठेवला आणि ओंडके मोजायला बसली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणात तो मुक्काम मांडला. भोवती पणत्या लावल्या. नाल्यात पाणी सोडले. गल्लीतली मुले आली आणि यात महाराज कुठे आहेत असे विचारू लागली. नातीने त्यांना आधी हत्ती दाखवला आणि मग करवतीचा माच. शेजारचे कपाटवाले गृहस्थही आले. वाकून पाहत म्हणाले, "अगदी जुनं दिसतंय हो! कुठून मिळवलंत?" मला फार बरे वाटले.

खोपटाचे छप्पर मी चिकटवलेले नाही. दिवाळी संपली, पणत्या आवरल्या; मुक्काम आता बैठकीत आईच्या खाटेजवळ तिपाईवर आहे. रात्री दिवे मालवायला गेलो की ती हळूच म्हणते, "जरा उघड बघू." मी छप्पर उचलून बाजूला ठेवतो आणि आम्ही दोघे थोडा वेळ आत बघत बसतो.